पाव आटा

पावआटेवाला ही जुन्या पेट्रोल मोटारीच्या आश्रयाने राहणारी मनुष्यजात आहे. गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या संथ चालीने चालू राहते तिला गॅरेजच्या भाषेत आयडलिंग म्हणतात. हे आयडलिंग बिघडले की हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरवरचा एक ठरावीक स्क्रू पाव आटा फिरवावा, म्हणजे ते सुधारते, अशी या जातीची श्रद्धा असते आणि नावही तिच्यावरूनच पडले आहे. स्क्रू उजवीकडे फिरवायचा की डावीकडे, याबद्दल जातीत एकमत नाही. एकाच व्यक्तीच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या मतांतही ते आढळत नाही.

जातीचा सर्वांत पुष्ट नमुना प्रीमियर पद्मिनीभोवती सापडतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन फियाट ११०० ची देशी आवृत्ती तयार होत असे. १९७४ च्या सुमारास तिचे नाव पद्मिनी झाले आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले. पावआटेवाला तिला पद्मिनी म्हणत नाही, फियाट म्हणतो. तिच्याआधीची, नाकाडामुळे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाणारी गाडी आपल्या वडिलांकडे होती असेही तो सांगतो. वडिलांकडे सायकल होती हे माहीत असणारी माणसे आता फारशी उरलेली नसल्याने या विधानाला आव्हान मिळत नाही. नंबर लावल्यावर गाडी हाती यायला किती वर्षे लागली हा आकडा दर कथनात एकाने वाढतो.

वास्तव्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शक्यतो कोपऱ्यातल्या जागेत. कोथरूड, पार्ले, मुलुंड, नाशिकची गंगापूर रोडची बाजू येथे चांगली वस्ती आहे. वय साठीच्या पुढे, नोकरी बँकेत किंवा सरकारी खात्यात झालेली. गाडीची नंबरप्लेट तीन अक्षरांनी सुरू होणारी, म्हणजे १९८९ च्या आधीची असेल तर मालकाचा जातीतला दर्जा वरचा. पेन्शनसाठी स्वतःचा हयातीचा दाखला तो दर नोव्हेंबरात देतो; पंधरा वर्षांपुढच्या गाडीचा मात्र दर पाच वर्षांनी आरटीओत द्यावा लागतो, आणि दोहोंत जास्त धाकधूक दुसऱ्याची असते. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वीस वर्षांच्या मर्यादेने ती ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. शहर हळहळले, लेख आले. पावआटेवाला त्या दिवसांत सुट्या भागांचा भाव उतरेल की चढेल याचा हिशेब करत होता.

आयडलिंग न समजता पावआटेवाला होता येते. पावआटेवाला समजून घ्यायचा तर मात्र आयडलिंग समजावे लागते. पद्मिनीचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेते. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे बॉनेटखाली मिनिटाला सोळाशे स्फोट होतात. या वेळी कार्बोरेटरमधली बटरफ्लाय नावाची गोल झडप जवळजवळ मिटलेली असते, हवा तिच्या कडेच्या फटीतून चोरपावलांनी आत येते, आणि पेट्रोल स्लो जेट नावाच्या पितळी तुकड्यातल्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून ओढले जाते. एवढ्याशा हवेत आणि एवढ्याशा पेट्रोलमध्ये कुठेही उन्नीस-बीस झाले की इंजिन लगेच तोंड वाकडे करते. वेगात तेच दोष झाकले जातात. पंगत भरात असताना कोपऱ्यातल्या व्याह्याची कुरकुर कुणाला ऐकू येत नाही, पाने उठल्यावर तेवढीच ऐकू येते. आयडलिंगला इंजिनाची पाने उठलेली असतात.

म्हणून आयडलिंगच्या तक्रारीचे मूळ आयडलिंगच्या स्क्रूत सहसा नसते. प्लग, पॉइंट, टॅपेट, पॅकिंग, पंप, यांपैकी कुणाचेही दुखणे तेथे येऊन बोलते. गॅरेजवाल्यांचे सगळे शास्त्र या एका वाक्यात बसते आणि पावआटेवाल्याला तेच एक वाक्य मान्य नाही.

लक्षणे सांगण्याची त्याची पद्धत ध्वनीची आहे. मिस्तरीजवळ त्यासाठी शब्द आहेत: ठरावीक अंतराने एक ठोका चुकत असेल तर गाडी ‘मिसिंग मारते’, चाल आपोआप वर-खाली होत असेल तर ‘हंटिंग करते’, बाहेरून कुठे हवा शिरत असेल तर ‘एअर घेते’. पावआटेवाला हे शब्द वापरत नाही. तो गाल फुगवून ‘भुर्र, भुर्र, भुर्र, फक्’ असे करून दाखवतो, आणि ‘फक्’ जिथे आला तिथे बोट वर करतो. समोरचा जर ‘म्हणजे मिसिंग’ म्हणाला, तर मान हलवून ‘मिसिंग नव्हे, मिसिंगच्या थोडे अलीकडे’ असे सांगतो. त्याची सगळी भिस्त कानावर असते. सवाई गंधर्व महोत्सवात तंबोरा किंचित उतरलेला आपल्या लक्षात आला होता, ही हकीकत तो पुराव्यादाखल देतो. ऑर्केस्ट्रा, मिक्सर, शेजारच्यांचा एसी यांच्या आवाजावरूनही त्याने निदाने केलेली असतात. सोसायटीच्या लिफ्टबद्दलचे त्याचे निदान एकदा बरोबर निघाले होते आणि तेव्हापासून तो लिफ्टकडे सहानुभूतीने पाहतो.

उपकरणांत पहिले नाणे. चालू इंजिनाच्या टॅपेट कव्हरवर रुपया उभा राहिला तर आयडलिंग उत्तम, अशी जुनी कसोटी आहे. चांगल्या इंजिनावर तो खरोखर उभा राहतोही. पावआटेवाल्याचा रुपया पडतो, घरंगळतो आणि इंजिनाच्या खालच्या अंधारात जातो. तो शोधायचा नाही असा संकेत आहे. पुढे केव्हातरी इंजिन उतरवले जाते तेव्हा खालच्या पत्र्यावर नाण्यांचा छोटा इतिहास मिळतो. त्यात २०११ मध्ये चलनातून गेलेली चार आणे-पावलीही असते.

दुसरे उपकरण नोट. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला आणि तो एकसारखा बाहेर ढकलला गेला, तर ठीक. मधूनमधून ढकलणे चुकले, तर ठिणगीत किंवा मिश्रणात दोष. कागद क्षणभर आत ओढला गेला, तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला किंवा नीट मिटत नसलेला. कसोटी साधी आणि भरवशाची आहे. पावआटेवाला तिच्यासाठी शंभराची नोट वापरतो, कारण ‘पातळ कागदाला वजन नसते’. नोट काळी होते. ती दुधाच्या पैशांत दिली जाते, आणि दूधवाल्याला या घरच्या आयडलिंगची हालहवाल महिन्याच्या महिन्याला कळते.

आता निदानाचा क्रम. नीट क्रम असा, की इंजिन आधी पुरते गरम होऊ द्यावे, चोक पूर्ण आत आहे ना ते पाहावे, एअर फिल्टर झटकावा. मग चारही प्लग काढावेत. टोक विटकरी-तपकिरी असेल तर सिलिंडर सुखी. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरके, भाजलेले असेल तर हवा जास्त. तेलकट असेल तर रिंगांची किंवा व्हॉल्व्हची गोष्ट निघते आणि ती लांबते. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट पाहावेत. पॉइंटमधली फट चाळीस-पंचेचाळीस शतांश मिलिमीटरची असावी लागते. पॉइंटच्या फायबरच्या टाचेची झीज होत गेली की फट मिटते, ठिणगी उशिरा पडते आणि आयडलिंग दिवसेंदिवस खाली बसत जाते. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर गेलेला असतो. मग टॅपेट. मग कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली पॅकिंग, नळ्या, नट. एवढे सगळे ठीक निघाले तरच शेवटी स्क्रू.

पावआटेवाला हा क्रम पाळतो, फक्त शेवटाकडून. रविवारी सकाळी साडेसातला तो स्क्रूपासून सुरुवात करतो आणि प्लगपर्यंत पोहोचण्याआधी जेवायची वेळ होते.

स्क्रू दोन असतात हे येथे सांगायला हवे. एक बटरफ्लाय किती मिटू द्यायची हे ठरवतो, म्हणजे नुसती रेस वाढवतो-घटवतो. दुसरा मिक्स्चरचा, त्याचे टोक सुईसारखे निमुळते असते आणि ते आयडलिंगला जाणारे मिश्रण मोजून सोडते. तो आत घेतला की मिश्रण सुके होते, बाहेर काढला की ओले. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकवून साधारण दीड आटा बाहेर काढायचा, तेथून इंजिन जिथे सर्वांत गोड चालेल तिथे ठेवायचा, आणि वाढलेली रेस पहिल्या स्क्रूने उतरवायची, एवढेच काम आहे. ‘हलक्या हाताने’ हे शब्द कळीचे. पावआटेवाला स्क्रू आत टेकला की अजून थोडा आवळून खात्री करतो. त्या खात्रीने सुईच्या टोकाला चर पडतो, आणि चर पडलेली सुई पुढे जन्मभर नेमक्या जागी बसत नाही. म्हणजे काही वर्षांनी आयडलिंगचा दोष खरोखरच स्क्रूत असतो. पावआटेवाल्याचे निदान अशा रीतीने खरे ठरते. त्याला फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

टॅपेटबाबतही त्याचे धोरण स्वतंत्र आहे. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटचा टिकटिक आवाज त्याला सहन होत नाही, म्हणून तो फट कमी करवून घेतो. गाडी शांत होते, मालक समाधानाने डोळे मिटतो, आणि तिकडे गरम झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायचा थांबतो. किंचित वाजणारा टॅपेट निरोगी असतो, अगदी गप्प झालेल्याची चौकशी करावी, हे जुने मिस्तरी सांगतात. संयुक्त कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे कळायला हरकत नसावी.

मेलेला सिलिंडर शोधण्याची रीत म्हणजे चालू इंजिनात एकेका प्लगची वायर उपसणे. जिथली वायर काढल्यावर इंजिन दचकते तो सिलिंडर कामाचा. जिथली काढून फरकच पडत नाही तो आधीच रजेवर होता. सरकारी खात्यात नोकरी झालेल्या पावआटेवाल्याला ही कसोटी चटकन समजते. मात्र वायरची रबरी टोपी तीस वर्षांची असते आणि तिला भेगा गेलेल्या असतात, त्यामुळे इंजिनाऐवजी तोच दचकतो. काही हजार व्होल्टांचा हा झटका बसल्यावर चारही सिलिंडर ठीक आहेत असा निष्कर्ष तातडीने निघतो.

बॉनेट उघडल्यावर भोवती माणसे जमतात. हा उपवर्ग मोठा असला तरी एकसुरी आहे. ‘पेट्रोलच खराब येतंय हल्ली’ म्हणणारा, ‘बॅटरी बघा’ म्हणणारा (तो मोबाइल बिघडला तरी हेच म्हणतो), आणि ‘काका, विकून टाका’ म्हणणारा तिशीतला तरुण, हे सर्वत्र सारखे. लक्षात ठेवण्याजोगा एकच, तो ‘कचरा आलाय’वाला. स्लो जेटमध्ये कचरा येतो हे खरे असते, आणि म्हणून त्याचे म्हणणे इतरांपेक्षा जास्त वेळा बरोबर निघते. त्यामुळे पावआटेवाला त्याच्याशी बोलत नाही. दोघांत पंधरा-पंधरा वर्षांचा अबोला असल्याची उदाहरणे आहेत आणि सोसायटीच्या निवडणुकांत दोन तट त्यावरून पडतात.

ऋतुमानाप्रमाणे लक्षणे बदलतात. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरते आणि सकाळी दोनच सिलिंडर उठतात. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन पंप पेट्रोल ओढेनासा होतो. गाडी उभी केली की आयडलिंग गटांगळ्या खाते आणि बंद पडते. बोरघाटात बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकून बसलेली कुटुंबे हे एके काळचे नेहमीचे दृश्य होते. येथे स्क्रूचा काहीही संबंध नाही, तरी तो फिरवला जातो. मग फडके वाळते, पंप निवतो, गाडी सुरू होते, आणि श्रेय पाव आट्याला मिळते. घाटातली ही अनुभवसिद्धता पुढे चाळीस वर्षे पुरते. ज्या पत्नीने ते फडके भिजवायला थर्मासमधले पिण्याचे पाणी दिलेले असते, तिची आठवण या प्रसंगाबाबत अगदी वेगळी असते. ‘अहो, पाणी मी दिलं होतं’ एवढेच ती म्हणते.

अलीकडे या जातीला नवा विषय मिळाला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटांना मिश्रण सुके पडते. इथेनॉल जुनी रबरे, पंपाचा डायफ्रॅम आणि नळ्या खराब करते, टाकीच्या तळाशी शांतपणे बसलेली घाण उठवते आणि हवेतले पाणी ओढून घेते. आयडलिंग बिघडायला एवढे पुरेसे आहे. उपाय म्हणजे नव्या रबरांचे भाग, स्वच्छ टाकी, आणि गाडी महिनामहिना उभी न ठेवणे. पावआटेवाला मात्र दोष थेट उसाला देतो. त्याची सासुरवाडी सांगली-कोल्हापूरकडची आणि साखर कारखान्याची सभासद असेल, तर हा विषय दिवाळीत जेवणाच्या पानावर काढला जात नाही.

पीयूसीचा, म्हणजे प्रदूषण तपासणीचा, दिवस कसोटीचा. जुन्या पेट्रोल गाडीची कार्बन मोनॉक्साइडची तपासणी आयडलिंगवरच होते, आणि पावआटेवाल्याला गाडी थोडी ओली आवडते, कारण ओली गाडी गोड चालते. म्हणून केंद्राच्या अलीकडच्या कोपऱ्यावर थांबून स्क्रू पाव आटा आत घेतला जातो, धडधडत्या गाडीने प्रमाणपत्र मिळवले जाते, आणि पलीकडच्या कोपऱ्यावर स्क्रू पाव आटा बाहेर काढला जातो. दोन्ही कोपऱ्यांवरचे पानवाले त्याला ओळखतात. स्क्रू फिरवून ठरल्याप्रमाणे परिणाम मिळण्याचा त्याच्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग असल्याने त्या दिवशी घरी श्रीखंड आणले जाते.

मुलाच्या नव्या गाडीत कार्बोरेटरच नसतो; आयडलिंग संगणक सांभाळतो. पावआटेवाला तिचे बॉनेट एकदाच उघडतो, काळे प्लास्टिकचे झाकण पाहतो आणि मिटतो.

उपचार मिस्तरीकडे असतो. ही पेठेतली किंवा पुलाखालची जुनी मंडळी. ते इंजिनावर हात ठेवतात, डोळे रस्त्याकडे असतात. पहिला प्रश्न ठरलेला:

“साहेब, स्क्रूला हात लावला होता का?”

“छे! मी कशाला लावू?”

मिस्तरी काही बोलत नाही. काजळीने काळ्या पडलेल्या कार्बोरेटरवर त्या एकाच स्क्रूची खाच सोन्यासारखी चकाकत असते.

नंतर तो तेलाच्या बुधलीने बटरफ्लायच्या दांडीच्या दोन्ही टोकांवर एकेक थेंब सोडतो. इंजिनाची चाल दोन-तीन सेकंद एकदम सुधारते आणि तेल शोषले गेले की पुन्हा बिघडते. दांडी आणि तिचे बुश चाळीस वर्षांच्या ये-जा करण्याने झिजलेले असतात, तिथून कार्बोरेटरच्या मागच्या दाराने हवा आत येत असते, आणि ही हवा कुठल्याच स्क्रूच्या हिशेबात नसते. जुन्या गाड्यांच्या आयडलिंगचे न सुटणारे कोडे पुष्कळदा येथे सुटते. कार्बोरेटर उतरवून नवे बुश बसवून घ्यावे लागतात. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात एखादा बरा कार्बोरेटर मिळून जातो, पण त्याच्या दांडीनेही तेवढीच वर्षे काढलेली असतात. पावआटेवाला हे निदान ऐकून घेतो, पैसेही देतो, पण मान्य करत नाही. निम्मा फरक बुशाने पडला असेल, निम्मा आपण आधी लावलेल्या सेटिंगचा आहे, असे तो परतीच्या वाटेवर सांगतो.

काम झाल्यावर मिस्तरी मिक्स्चरच्या स्क्रूच्या खाचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावतो. ठिपका सुकला की स्क्रू फिरवल्याशिवाय तो तडकत नाही. पुढच्या खेपेला ठिपका तडकलेला असतो. त्याच्या पुढच्या खेपेला तो पूर्ण शाबूत असतो, पण गुलाबी असतो. आणि त्या सुमारास घरी सुनेची नेलपॉलिशची बाटली दोन दिवस सापडत नसते.